गाळायचं राहिलेलं बोट

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर काका आणि त्यांची पुतणी बसली होती.

“आता तरी सांग. माझा हात बघून तुझे संपादक एवढे वरमले कशानं?”

“काका, माझ्या चित्रातल्या हाताला सहा बोटं होती. ते म्हणाले, असली चूक एआयच करतं, तुम्ही हे काढलेलंच नाही.”

“तुला म्हणाले? अगं, शाळेच्या भिंती रंगवल्यास तू.”

“हात मी तुमचाच आठवून काढते. दर वेळी एक बोट गाळते, या वेळी राहून गेलं.”

“मग आता खोडणार?”

“नाही, असू दे म्हणाले. पुढचं पुस्तकही दिलंय.”

“सुटलीस बाई. मी तर लग्नाच्या फोटोतही हा हात लपवलाय.”

“माहितेय. आता खिशातून काढा आणि दांडी धरा, स्टॉप आला.”