पूजेतलं लॉक

लोक म्हणतात मी माझ्या वडिलांवर, अप्पांवर फार ओरडते. मग हे ऐका. शाहूपुरीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर कंपनीनं काडेपेटीएवढं एक लॉक दिलं होतं. ते कॉम्प्युटरच्या मागं लावल्याशिवाय एकही फाइल उघडायची नाही. मी म्हणायचे, "अप्पा, मजकूर आपला आणि किल्ली त्यांची, हे कसलं? निदान सगळं छापून ठेवू या."

"लॉक हाय की! तू गप."

खंडेनवमीला अप्पांनी तेच लॉक काढून देवापुढं ठेवलं आणि वर पंचामृत घातलं. मी किंचाळले, तर म्हणाले, "पुसलंय की!" लॉक गेलं ते गेलंच.

कॉम्प्युटरमध्ये आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या कांबळे सरांचं आत्मचरित्र होतं. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते रोज येऊन सांगायचे आणि मी टाइप करायचे. कागदावर एक ओळ नव्हती. कंपनी फोनवर म्हणाली, "ते लॉक आता बनत नाही. नवीन सॉफ्टवेअर घ्या, पण त्यात जुन्या फाइली उघडणार नाहीत."

सर म्हणाले, "असू दे गं पोरी. सोमवारपासनं परत सांगतो." रविवारी ते वारले.

त्यांचा मुलगा आला. "आदरांजलीच्या सभेत वाचायला एक पान तरी द्या."

अप्पांनी फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडली आणि दिसलं ते छापून दिलं. पानभर नुसती वेडीवाकडी चिन्हं. त्यानं पान उलटसुलट करून बघितलं.

"काका, ह्यात बाबांचं नाव कुठं हाय?"

अप्पांनी चष्मा लावला आणि खरंच शोधायला लागले.