जास्तीची किल्ली

बायको : पाच मिनिटं म्हणाला होतात. पाऊण तास झाला.

कुलूपवाला : अगं, फर्मवेअर बदलतोय. कॉम्प्युटरच्या पार बुडातलं काम आहे ते. मेहेरबानी कर, प्लगला हात लावू नकोस.

बायको : चांगला चालला होता. कशाला उचकटायचा? तेही आजच! पाच वाजता माझं पुस्तक छापखान्यात पोचायला हवं. तीन वर्षं लिहितेय मी.

कुलूपवाला : महिनाभर सूचना येत होती. असं दुर्लक्ष केलं की चोराचं फावतं. हे बघ, झालं! शंभर टक्के!

बायको : मग हे निळं काय आलंय?

कुलूपवाला : काही नाही गं. बुडात बदल झाला ना, म्हणून त्याला संशय आलाय. अठ्ठेचाळीस आकडे मागतोय, ते दिल्याशिवाय उघडणार नाही. किल्लीच समज.

बायको : मग द्या की.

कुलूपवाला : देतो ना. एकदम सुरक्षित ठेवलेत.

बायको : कुठे?

कुलूपवाला : थांब जरा, आधी माझा चष्मा दे.

बायको : अहो, कुठे?

कुलूपवाला : कॉम्प्युटरमध्ये.

बायको : धन्य आहे! चाळीस वर्षं लोकांची दारं उघडून दिलीत आणि एकेकाला सुनावलंत, 'किल्ली आत ठेवून दार ओढलंत? डोकंही आतच राहिलं का?'

कुलूपवाला : टोमणे नंतर मार. तुझं पुस्तक गेलं गं...

बायको : रडू नका. लोकांना आणखी काय सांगायचात?

कुलूपवाला : एक जास्तीची किल्ली शेजारी देऊन ठेवा.

बायको : दिलीय. तुम्ही आकडे कॉम्प्युटरमध्ये ठेवलेत, त्याच दिवशी मी ते कागदावर उतरवून समोर नेऊन दिले.

कुलूपवाला : समोर? त्या वहिनींकडे? अगं, दोन वर्षं त्या माझ्याशी बोलत नाहीत!

बायको : कशा बोलतील? बिचाऱ्या दाराबाहेर अडकल्या होत्या. तुम्ही कुलूप उघडलंत, पण भर जिन्यात, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं भाषण ठोकलंत.

कुलूपवाला : तूच जा ना. एवढं ऐक माझं.

बायको : उचकटलं कोणी? साडेतीन वाजलेत. निघा.

(समोरच्या दाराची बेल वाजते.)

शेजारीण : कोण? भाऊजी? तुम्ही?

कुलूपवाला : वहिनी, ते... हिने एक कागद ठेवायला दिला होता ना, आकड्यांचा? म्हणजे झालं काय, किल्ली... मीच आत...

शेजारीण : हळू बोला, भाऊजी. आधी आत या. जिन्यात सगळ्यांना ऐकू जातं.