ती घर सोडते ती पानं

शाळेच्या समितीवाल्यांनो, ग्रंथालयातल्या कादंबरीतली बाई मारकुट्या नवऱ्याचं घर सोडते ती पानं तुम्हीच कापायला लावलीत. बसच्या रांगेत आमच्या शिवणकामवाल्या मावशींच्या पुढे दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटी तुमच्याच शाळेत ग्रंथपाल.

“ताई, ब्लेडने मीच कापली गं.”

“नोकरी आहे बाई तुझी. मागचं-पुढचं जुळलं ना?”

“जुळतंय कसलं डोंबल! ती मार खाते आणि पुढच्याच पानावर सगळे हसत जेवायला बसतात.”

“म्हणजे संसार सुखाचा झाला की!”

“समितीही हेच म्हणाली. पण आठवीतल्या एका पोरीने विचारलं, ‘बाई, मग ती तिथेच राहिली?’”

“तू काय म्हणालीस?”

“‘हो’ म्हणाले. मुख्याध्यापक समोरच होते. तर पोरगी म्हणते, ‘मग आमची आईपण राहील. मी तिला मामाकडे चल म्हणत होते.’”

“अगं, मग गाठ तिला एकटीला. खरं सांग!”

“गेले होते. बापाने शाळेतून नाव काढलंय. घराला कुलूप.”

“आणि ती पानं?”

“समितीसमोर जाळली.”

मावशींची बस आली आणि गेली. मावशी ऐकत रांगेतच उभ्या होत्या.

समितीवाल्यांनो, त्या पोरीला शेवट आता कुणी सांगायचा? बोला!