इथं लिनक्स कोण वापरतं?

...नाही, म्हणजे वापरणं म्हणजे काय, हे आधी ठरवा ना! एकदम येऊन विचारायचं, "इथं लिनक्स कोण वापरतं?" अहो, दूध डेअरीत असं विचारतात का? डेअरीत विचारायचं, पाणी कोण घालतं! तुम्हाला सांगतो, मी श्रीमंत, शेवगावच्या अलीकडच्या एका गावात डेअरीचा सेक्रेटरी, सकाळी शटर वर करतो, सभासदाचा नंबर टाकतो, हिरवं बटण दाबतो, दूध मोजतो, संपलं. मशीनच्या कॉम्प्युटरात लिनक्स आहे का लिंबू, मला काय घेणं? आता बटण दाबतो... ह्याला वापरणं म्हणायचं का?

विचारणाऱ्या कोण, तर पंकजा मॅडम. दूध संघाच्या इंजिनिअर, नगरहून आलेल्या. संघाचं फर्मान निघालं की सगळ्या केंद्रांच्या कॉम्प्युटरवर आता विंडोज चालणार, जुनं काढून टाका, फक्त जिथं लिनक्स कुणी खरोखर वापरत असेल तिथं राहू द्या. झालं! त्या 'खरोखर'नं आमचा जीव खाल्ला.

कारण ते बसवलं होतं गहिनीनाथनं. आमच्याच गावचं पोरगं, नगरला एमआयडीसीत कामाला, लिनक्सचं लई वेड. आणि मशीन मुकं बरं दिसत नाही म्हणून ह्या गड्यानं स्वतःचा आवाज भरला! दूध ओतलं की मशीन बोलणार, "ओंकारदादा, फॅट चार पॉइंट दोन." "दगडाबाई मावशी, फॅट तीन पॉइंट नऊ." सगळ्यांना नातं लावून, हां! अशी डेअरी तालुक्यात नाही, पेढे वाटले आम्ही. आणि मग त्याला कावीळ झाली, आणि आठवडाभरात पोरगं गेलं.

आवाज राहिला.

तुम्हाला सांगतो, दहाव्याहून आलो, दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, ओंकारनं दूध ओतलं आणि मशीन बोललं, "ओंकारदादा..." किटली तिथंच टाकून पळाला की तो! चार दिवस गावात कुणी दूध घालेना. मग सवय झाली. सवय कसली, बायका उत्तरं द्यायला लागल्या! "व्हय रे लेकरा, आज पेंड कमी पडली बघ." मशीनला! आता मशीनशी गप्पा मारणं... ह्याला वापरणं म्हणायचं का?

पुढं ऐका. ओंकारचं लग्न झालं. गहिनीनाथ गेल्यानंतर, बरं का! नवी सून राजनंदिनी, तिच्या नावानं खातं काढलं. मी माझ्या हातानं नुसतं नाव टाकलं, राजनंदिनी, पुढं काही नाही. तिनं दूध ओतलं. मशीन जरा थांबलं... आणि म्हणालं, "राजनंदिनी वहिनी, फॅट चार पॉइंट एक."

वहिनी! अहो, त्याला कुणी सांगितलं? बरोबरच आहे, ओंकार दादा तर ही वहिनी, पण हे नातं लावलं कुणी? मी हात जोडले आणि पुढचा नंबर टाकला. करणार काय? मागं रांग हुती!

आणि त्या रांगेत शेवटी बनुबाई. गहिनीनाथची आई. तिची म्हैस कधीच विकली. तरी रोज किटली घेऊन येते. ओंकारकडून दूध विकत घ्यायचं आणि तेच मला आणून घालायचं. मी एकदा विचारलं, "मावशी, हा काय तोट्याचा धंदा?" तर म्हणते कशी, "दूध न्हाई घातलं तर त्यो मला आई कसा म्हनंल रं?"

तेव्हापासून तिचं दूध मी मुकाट्यानं घेतो. आणि ते मशीन म्हणतं, "आई, फॅट चार पॉइंट दोन." म्हणजे विंडोज आलं की काय जाणार, कळलं ना तुम्हाला?

मॅडम वाईट नव्हत्या हो. म्हणाल्या, "आवाजच हवाय ना? फाइली काढून नव्यात टाकते." वायर लावली, लॅपटॉप उघडला. दादा सापडलं, मावशी सापडलं, सगळे आकडे सापडले. वहिनी नाही. म्हटलं, मरू दे वहिनी, आई शोधा. शोधलं. परत शोधलं. आई नाही! आई कधी भरलंच नव्हतं! मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी मॅडमकडं बघितलं, आणि मशीनकडं दोघांनीही बघितलं नाही.

मग ग्रामसभा. आमच्याकडं काहीही अडलं की ग्रामसभा. मॅडम उभ्या राहिल्या, "जो लिनक्स वापरतो त्यानं हात वर करा." ओंकार उठला, "मॅडम, अँड्रॉइडच्या आत लिनक्सच आस्तंय, म्हंजी आख्खं गाव वापरतंय!" मॅडम म्हणाल्या, "मोबाईल धरत नाही." दुसरा म्हणाला, "आमी कॉलेजात पेनड्राइव्हवर चालवल्यालं." "एकदा चालवलेलं धरत नाही." दगडाबाई कडाडल्या, "आगं, आमचं दूध त्यो मोजतोय, मग आमी वापरतोय का त्यो आमाला वापरतोय?" ह्यावर अर्धा तास वाद! सरपंच म्हणाले, सेक्रेटरी हात वर करा की, तुम्ही रोज बटण दाबता. मी निम्मा वर केला. मॅडम म्हणाल्या, "बटण दाबणं म्हणजे वापरणं नव्हे. थांबा, मशीनलाच विचारते, आत कोण आहे." सगळे उठून डेअरीत. मॅडमनी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर एकच ओळ आली. गहिनीनाथ. आत्ता, ह्या घडीला, काम चालू.

मॅडम म्हणाल्या, "आपोआप लॉगिन होत असेल." पण आवाज बघा त्यांचा! "असेल" म्हणताना पार खाली गेला.

तेवढ्यात मागून हात वर झाला. बनुबाई.

"म्या वापरते."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, लिनक्स म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

"न्हाई बाई. त्यो रोज हाक मारतो, म्या व्हय म्हन्ते. याच्यापरीस जास्ती काय वापरायचं आस्तंय?"

मॅडमनी डोळे पुसले, कागद काढला आणि लिहिलं, वापरणारी व्यक्ती, बनुबाई. मग पडद्याकडं बघत पुढं लिहिलं, चालवणारी व्यक्ती, गहिनीनाथ. खाली सही. मशीन राहिलं!

गाव आनंदानं घरी गेलं. मी म्हटलं, "मॅडम, आणि मी? रोज शटर मीच वर करतो, माझंही नाव टाका की कुठंतरी." त्यांनी परत टाइप केलं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं, आणि बॅग उचलून दाराकडं सरकत म्हणाल्या, "श्रीमंतराव, तुम्ही ह्यात कुठंच दिसत नाही."

आता सांगा! आई वापरते. लेक चालवतो. संघाच्या कागदाला ते मान्य आहे. म्हणजे रोज भल्या सकाळी त्या डेअरीत येऊन गुपचूप बटणं दाबणारं भूत... मीच की हो!