खुर्चीवरची कळशी

अध्यक्ष यशवंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या समूह संघटिका सुमनताई, आणि ज्यांच्या नळाची वेळ कायम घरात टाकी असलेली माणसंच ठरवतात, अशा पिंपळे गुरवच्या नदीकाठच्या वस्तीतल्या माझ्या आयाबहिणींनो!

ताईंविषयी बोलायचं तर मला प्रभाग समितीची ती बैठक आठवते. वस्तीचा नळ सकाळऐवजी दुपारी सोडायचा विषय होता. दुपारी! तेव्हा तुम्ही वाकडच्या टॉवरमध्ये भांडी घासत असता. ताईंनी भांडून बायकांना बोलावणं धाडलं; पण समितीनं बैठक ठेवली नेमकी पाण्याच्या वेळेला. आता बाईनं पाणी भरावं की धोरण ठरवावं?

वस्तीतल्या तानुबाई आल्या, खुर्चीवर भरलेली कळशी ठेवली आणि उरलेल्या पाण्याला पळाल्या. नळाच्या रांगेत ठेवतात, तशी!

शिपाई ती उचलायला गेला. ताई कडाडल्या, "हात लावू नका. वस्तीत कळशी ठेवली म्हणजे माणूस आलं."

एक सदस्य म्हणाले, "मग विचारा की राव कळशीला, ठराव मंजूर का?"

हशा पिकला. यशवंतराव, रागावू नका, तुम्हीही हसलात. तेवढ्यात खिडकीतलं ऊन कळशीवर आलं आणि छतभर उजेडाच्या लाटा हलू लागल्या. सगळे वर बघत राहिले. मला वाटलं, नदीच सभागृहात येऊन बसली आहे आणि कुणालाच कसली घाई नाही.

मग दारात ओल्या पदरानं तानुबाई. "माझा नंबर गेला न्हाई नव्हं?"

"नाही," यशवंतराव, तुम्हीच म्हणालात. "बोला."

त्या बोलल्या. नळ सकाळचाच राहिला.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत वस्तीतल्या दोघी बसतात. पण कशाच्या जोरावर? ताई दारात उभ्या राहून हट्ट धरतात म्हणून! नियमात त्यांना जागा नाही, मत तर नाहीच. आणि उद्यापासून ताईही नाहीत. जिनं गरिबी अंगावर काढली, तिनं गरिबांच्या निर्णयात मेहेरबानीवर बसायचं?

मला हल्ली एक स्वप्न पडतं. पाणी भरून झाल्यावर बैठक भरते. बायका हात पुसत आत येतात, बसतात, विषय पुकारतात. आणि कुणी दचकत नाही.

ताई, तुमचे ऋण मानतो. निरोपाच्या दिवशी मी भांडण उकरलं, तेवढं सर्वांनी पोटात घाला. आणि अध्यक्षमहाराज, सोमवारच्या बैठकीत पहिला ठराव हाच मांडा: वस्तीतल्या दोन बायकांना समितीत कायमची जागा आणि मताचा हक्क!