गोड बोलायला काय इंधन लागतं?

…आणि वर मलाच म्हणते, ‘मॅडम, आवाज खाली!’ माझा आवाज! अहो, तिच्या आवाजाने मागच्या रांगेतलं बाळ दचकून उठलं, त्याची आई माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली, आणि आवाज म्हणे माझा! तुम्हाला सांगते, विमानात चढताना हीच हवाईसुंदरी बाई दारात उभी होती. हात जोडलेले, मान तिरकी, दात मोजून घ्यावेत असं हसू… आणि दार लागलं की गेलं कुठे ते हसू? सामानाच्या कप्प्यात? गोड बोलायला काय इंधन लागतं का हो?

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझे बाबा एकतीस वर्षं बस कंडक्टर होते. एकतीस वर्षं! म्हणजे आयुष्यभर प्रवासच केला, पण उभ्याने. सगळं गाव बसलेलं आणि बाबा उभे, एक हात दांडीला, एक हात तिकिटांना. मी नोकरीला लागले त्या दिवशीच ठरवलं होतं, या माणसाला एकदा विमानात बसवायचं. बसवायचं, कळलं ना? खिडकीशी. कोणीतरी अदबीने विचारावं, ‘काका, पाणी हवंय का?’ आणि बाबांनी नुसती मान हलवावी. एवढंच हो! राजवाडा नव्हते मागत मी!

तर बाई आल्या. कोटावर नावाची पट्टी होती, पण मी मनातल्या मनात नाव ठेवलं, करवत. बाबांची पिशवी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि ‘कोणाची ही? ओ, कोणाची?’ बाबा म्हणाले, ‘माझी, ताई.’ ‘मग पायाखाली का ठेवली? वर ठेवा!’ वर ठेवली. ‘अशी नाही, आडवी!’ आडवी केली. पिशवीच ती, तिला काय आडवं आणि काय उभं? गोड बोलायला काय इंधन लागतं?

मग पाणी. बाबांची रक्तदाबाची गोळी असते, घोटभर पाणी हवं होतं. ‘खाण्यापिण्याची गाडी येईल तेव्हा मिळेल.’ बरं. गाडी आली… चौदाव्या रांगेपर्यंत. आम्ही सतराव्या! तिथून जी वळली ती परत गेली! मी बेल दाबली. पुन्हा दाबली. चौथ्यांदा दाबली तेव्हा करवत हजर. ‘एकदा दाबली तरी कळतं, मॅडम.’ ‘मग आला का नाहीत?’ ‘आले ना आता!’ कॉलेजात मी वादविवादाच्या ढाली आणल्यात, पण असा मुद्दा एकाही स्पर्धेत ऐकला नव्हता हो!

आणि बाबा? कोरडीच गोळी गिळली आणि तिच्याकडे टक लावून बघत बसले. मला वाटलं, अपमान गिळतायत.

पुढचं ऐका. विमानाला जरा हादरे बसायला लागले. पट्टे बांधा, पट्टे बांधा, सगळे देवाचं नाव घेतायत, आणि बाबा उठून उभे! सवय हो! गाडी हलली की या माणसाला बसवतच नाही. एक हात वरच्या कप्प्याला आणि डोळ्यांनी मोजणी चालू. ‘एकशे बहात्तर. दोन सीट रिकाम्या,’ असं मला हळूच म्हणाले पण. तेवढ्यात करवत तिकडून कडाडली, ‘ओ काका! खाली बसा! बस आहे का ही?’

बस आहे का ही!

कोणाला म्हणाली? एकतीस वर्षं बसवर काढलेल्या माणसाला! पावणेदोनशे लोकांसमोर! लोक हसले हो. बाबा चटकन खाली बसले, शाळेतल्या पोरासारखे, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘तक्रार करायची आहे. फॉर्म द्या.’ ‘उतरल्यावर मिळेल.’ ‘आत्ता.’ ‘उतरल्यावर.’ ‘आत्ता!’ ‘मॅडम, आवाज खाली!’ तर ते हे, सुरुवातीला सांगितलं ते.

मिळवला मी फॉर्म! विमानतळावर तीन काउंटर पालथे घातले, पण मिळवला. त्यावर लिहिलेलं, ज्यांना त्रास झाला त्यांनी स्वतः भरावा. बरोबरच आहे. दुःख ज्याचं, शब्द त्याचे. मी बाबांना पेन दिलं, म्हटलं, ‘बाबा, घाबरायचं नाही. सगळं लिहा.’ बाबांनी चष्मा लावला. लिहायला लागले. लिहितायत, लिहितायत… एक बाजू भरली, दुसरी भरली, मग म्हणाले, ‘अजून एक कागद आण गं.’ माझे डोळे भरून आले. एकतीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडतंय! मी वाचलं नाही. माणसाची व्यथा अशी डोकावून वाचू नये, माझं तत्त्व आहे ते. पाकीट बंद करून पेटीत स्वतःच्या हाताने टाकलं.

काल उत्तर आलं. मी काका, काकू, आत्या, शेजारचे, सगळ्यांना गोळा केलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. ‘आपल्या सविस्तर पत्राबद्दल आभार. हादऱ्यांतही तोल न ढळू देता प्रवाशांना शिस्तीत ठेवणाऱ्या आमच्या कर्मचारी भगिनीचं आपण केलेलं कौतुक तिला कळवलं असून तिच्या नोंदीत जोडलं आहे. तसेच आपण कळवल्याप्रमाणे, वारंवार बेल वाजवून कामात अडथळा आणणाऱ्या सतरा-बी वरील प्रवाशाला सोबतच्या पत्राने लेखी समज देत आहोत.’

सतरा-बी म्हणजे मी.

आत्या हसून हसून खुर्चीतून खाली यायची राहिली. मी म्हटलं, ‘बाबा! हे काय?’ तर शांतपणे म्हणतात, ‘अगं, तिच्या पायाकडे बघितलंस का तू? टाच सोललेली, वर पट्टी चिकटवलेली, आणि पोरगी एकशे बहात्तर माणसं सांभाळत होती. एवढ्या माणसांशी गोड बोलून बघ, मग एकही खाली बसत नाही.’

‘आणि पाणी? तुमची गोळी?’

‘पाणी द्यायला हवं होतं. तेही लिहिलंय. दुसऱ्या पानावर.’

‘पण अपमान तुमचा झाला ना!’

बाबांनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली. मग म्हणाले, ‘एकतीस वर्षं माझ्या गाडीत तक्रार वही होती. तिच्यात माझ्याबद्दल चांगली ओळ एकही नाही.’

‘कोरी होती?’

‘छे! भरलेली. सगळी तुझ्यासारख्यांनी.’

आता सांगा, यावर भांडायचं कोणाशी? त्या समज देणाऱ्या पत्राखाली एक रेघ आहे, ‘समज मिळाली, यापुढे काळजी घेईन,’ तिथे सही करून पोच परत पाठवायची आहे. बाबा सकाळपासून पेन घेऊन माझ्या डोक्याशी उभे आहेत… उभे, हो. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

केली सही. काय करणार.