थोर्किलचा कोट

“तू बोटीवर गेलास, तर तो संध्याकाळी यायचा कसा?” – असं सासूबाई स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि मी बाहेर बूट काढत होते, मास्तर – हो, ह्या कोटाच्या बाह्या चार बोटं आखूड करा, खांदे आहेत तसेच राहू द्यात – मला वाटलं, कोणी पाहुणा असेल. लग्नाला महिना नाही झाला, घरात कोण येतं-जातं मला काय ठाऊक? तो म्हणजे थोर्किल, माझे मोठे दीर – मागच्या महायुद्धात आपला देश लढलाही नाही, तरी समुद्रातले सुरुंग उचलताना गेले. प्रेतही हाती लागलं नाही, घरी हा आरमाराचा जुना कोट तेवढा राहिला.

सासूबाई खिडकीबाहेर रस्ता दिसावा म्हणून लावलेल्या आरशाशी बसतात – न्यूबोडरमध्ये, आमच्या ह्या आरमाराच्या वस्तीत, सगळ्याच बायका बसतात म्हणा, कोण कोणाकडे गेलं ते बघायला – सासूबाईंची नजर मात्र कोपऱ्यावर. दिवेलागणीला तिथून हा कोट जातो, मग त्या “आला बाई” म्हणतात आणि जेवायला उठतात. त्या दिवशी मीही डोकावले. गेला, मास्तर – पाठमोरा, डावा खांदा उतरता, थोर्किल चालायचे म्हणे तसा – आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं व्हिगो आत आला, कोट हातावर, गाल गारठलेले. माझा नवरा! पोरसवदा होता तेव्हापासून रोज हा कोट घालून चालतोय. सासूबाईंना ठाऊक आहे का? आहे की. म्हणून तर विचारलं, यायचा कसा.

व्हिगोला आइसलंडकडे पहाऱ्याच्या बोटीवर नेमलंय. नाही म्हणायची सोय नाही – निम्म्या बोटी गोदीत बांधून ठेवल्यात, राजाकडे बोटींपेक्षा ॲडमिरल जास्त झालेत म्हणून लोक हसतात – नोकरी गेली की आरमाराचं घरही गेलं. आणि हा गेला तर ह्या जेवायच्या नाहीत. तो आपला मान खाली घालून बसलेला. मग मीच म्हटलं, मी चालेन. सासूबाई उठल्या, माझा डावा खांदा दाबून जरा खाली केला.

बटणं? बदलू नका, ही मुकुट कोरलेलीच असू द्यात. काल घालून चालले – मला ढगळ होतो, पण आतून ऊब लागते हो, जसा आत्ताच कोणी अंगातून काढून दिलाय – जाऊ दे. आज व्हिगो पेटी भरत होता, सासूबाई त्याचे मोजे घडी घालत होत्या, आणि मला राहवेना. दोघांना म्हटलं, “एकासाठी चालेन. उद्या हाही समुद्रावरून परतला नाही, तर दोघांसाठी मला चालायला लावू नका.”